रक्ताला वेळ लागतो

ताश्कंद, ११ जानेवारी १९६६. रात्रीचा एक वाजून बत्तीस मिनिटं. लालबहादुर शास्त्री गेले. पाकिस्तानशी करार करून पुरते दहा तासही झाले नव्हते आणि सकाळी उठून काबूलला जायचं होतं. वय ६१. कारण नोंदवलं गेलं ते हृदयविकाराचं.

या रात्रीवर गेली साठ वर्षं लिहिलं जातंय. बहुतेक लिखाण एकाच प्रश्नाभोवती फिरतं: विष की हृदय? मला दुसराच प्रश्न छळतो. हे हृदय आधी दोनदा दुखावलं होतं आणि ही गोष्ट गुप्त नव्हती. असा माणूस किती धोक्यात आहे, हे रक्त बघून सांगता आलं असतं का? तेव्हा नाही, तर आज तरी येतं का? म्हणून ही उलटी मोजणी. एक घड्याळ ताश्कंदचं आणि एक रक्ताचं.

शास्त्रींच्या सरकारात आरोग्य खातं होतं डॉ. सुशीला नायर यांच्याकडे. गांधीजींच्या डॉक्टर म्हणून देश त्यांना ओळखत होता; लोकसभेत त्या १९५७पासून झाशीच्या खासदार होत्या. झाशीला राज्यकर्त्याच्या दुखण्याचा अर्थ शिकवावा लागत नाही. २० नोव्हेंबर १८५३ला तिथले राजे गंगाधरराव नेवाळकर यांनी आजारपणाच्या अंथरुणावर दत्तकविधान केलं, गोऱ्या अधिकाऱ्यांना साक्षीला बसवून. दुसऱ्या दिवशी ते गेले. कंपनीने दत्तक नामंजूर केला, संस्थान खालसा केलं, आणि पुढचं सगळ्यांना पाठ आहे. एका माणसाची तब्येत म्हणजे राज्याची तब्येत, हे कोकणातून तिथे गेलेल्या त्या मराठी घराण्याने स्वतःच्या वाड्यात पाहिलं. ताश्कंदला तेच घडलं, फक्त इथे शेवटचा दिवस कोणालाच दिसला नाही.

सहा-सात वर्षं आधी : १९५९

पहिला झटका. शास्त्री तेव्हा केंद्रात मंत्री.

त्या काळी छातीत दुखणाऱ्या माणसासाठी डॉक्टरांकडे काय होतं? कार्डिओग्राम, मॉर्फिन, प्राणवायू, रक्त पातळ ठेवणारी औषधं आणि सक्तीची विश्रांती. आठवडेच्या आठवडे पलंगावर. रक्ताची म्हणावी अशी एक नवी चाचणी हाताशी आली होती. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मेन या तिघांनी दाखवलं होतं, की हृदयाच्या स्नायूचा तुकडा मेला की त्याच्या पेशींतलं एक एन्झाइम रक्तात सांडतं. त्याचं नाव एसजीओटी. आज हे नाव आपण यकृताच्या रिपोर्टात वाचतो आणि ‘लिव्हरचं काहीतरी’ म्हणून सोडून देतो. पण हृदयविकारासाठी रक्त तपासण्याच्या विद्येची सुरुवात तिथून झाली.

एसजीओटी झटक्यानंतर सहा ते बारा तासांनी वाढू लागतं, एक-दोन दिवसांत शिखर गाठतं आणि चार-पाच दिवसांत उतरतं. म्हणजे हा पंचनामा. पंचनाम्याला आधी घटना घडून जावी लागते. ‘काल रात्री तुमच्या हृदयाचा काही भाग मेला’ एवढं तो सांगतो. उद्या काय होईल याबद्दल त्याच्याकडे अवाक्षर नसतं.

दीड वर्ष आधी : १९६४ चा उन्हाळा

९ जूनला पंतप्रधानपदाची शपथ झाली, आणि महिन्याच्या आत दुसऱ्यांदा हृदयाने तक्रार केली. सौम्य झटका, असं सांगितलं गेलं. जुलैत लंडनला राष्ट्रकुलातल्या पंतप्रधानांची परिषद होती. शास्त्री गेले नाहीत. त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आणि इंदिरा गांधी गेल्या.

ही नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुखणं डोळ्यांसमोर होतं तेव्हा परदेशवारी रद्द झाली होती. परिषद मोठी होती, पहिलीच संधी होती, तरीही. म्हणजे डॉक्टरचं ऐकायला हा माणूस तयार नव्हता, असं म्हणता येत नाही. पण ऐकण्यासारखं काहीतरी डॉक्टरच्या हातात असावं लागतं. छातीत दुखलं, कार्डिओग्राम बदलला की ते असतं. माणूस पुन्हा चालूफिरू लागला, फायली बघू लागला, कार्डिओग्राम जुन्या जखमेवर येऊन स्थिरावला की डॉक्टरच्या हातात उरतो फक्त अंदाज.

‘रिस्क फॅक्टर’ ही कल्पना तेव्हा नुकतीच रूढ होत होती. अमेरिकेत बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावातल्या माणसांवर १९४८पासून नजर ठेवली जात होती. तिथल्या डॉक्टरांनी १९६१ साली रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचं हृदयविकाराशी असलेलं नातं आकड्यांत मांडलं. मोठं काम होतं ते. पण तो हिशेब धडधाकट माणसांचा होता: पहिला झटका कोणाला येईल? ज्याला दोन येऊन गेलेत त्याचं काय, हा प्रश्न निराळा. पहिल्या प्रश्नात शोधायचं असतं ते रक्तवाहिन्यांत साचत चाललेलं किटण. दुसऱ्यात शोधायचं असतं, उरलेलं हृदय कितपत ताण सोसतंय ते.

सात दिवस आधी : ४ जानेवारी

ताश्कंद परिषद सुरू झाली. यजमान सोविएत पंतप्रधान कोसिगिन. समोर फील्डमार्शल अयुब खान. शास्त्रींसोबत परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. १९६५च्या युद्धात जिंकलेली हाजी पीर खिंड सोडायची की नाही, यावर सगळं अडलेलं. बैठका, मसुदे, पुन्हा बैठका. बाहेर मध्य आशियातला जानेवारी.

थंडीत झटके वाढतात, हे आज ठाऊक आहे. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाचं ओझं वाढतं. त्यात अपुरी झोप आणि मनावरचा ताण. पण याने कोसळायला हृदय आधी तयार झालेलं असावं लागतं. त्या खोलीत ताण सगळ्यांनाच होता.

याच काळात जगाच्या दोन टोकांना दोन माणसं आपापल्या प्रयोगशाळेत वाकून बसली होती. ओस्लोमध्ये कोरे बर्ग यांनी १९६३ साली रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा एक नवा कण ओळखला होता: लायपोप्रोटीन(ए). त्याचं प्रमाण आईबापांकडून येतं, खाण्यापिण्याने फारसं हलत नाही, आणि ते जास्त असलं की रक्तवाहिन्या लवकर खराब होतात. दक्षिण आशियाई लोकांत ते युरोपीय लोकांपेक्षा बऱ्याचदा जास्त आढळतं, हे पुढे कळलं. आणि टोकियोत सेत्सुरो एबाशी स्नायू आकुंचन पावतो कसा, याचा माग काढत होते. त्यांना आणि आयाको कोदामा यांना त्या यंत्रणेतलं एक नवं प्रथिन सापडलं. १९६५ साली त्याचं बारसं झालं: ट्रोपोनिन. हृदयविकाराशी त्याचा काही संबंध असेल, हे एबाशींच्या ध्यानीमनी नव्हतं. आज जगातल्या कुठल्याही इस्पितळात छातीत दुखतंय म्हणून कोणी आलं, तर पहिल्या काही मिनिटांत रक्त घेतलं जातं ते याच ट्रोपोनिनसाठी. शास्त्री ताश्कंदला निघाले तेव्हा ते नाव जेमतेम वर्षाचं होतं.

साडेनऊ तास आधी : १० जानेवारी, दुपारी चारचा सुमार

करारावर सह्या झाल्या. टाळ्या, हस्तांदोलनं, छायाचित्रं. दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्ट १९६५च्या आधीच्या जागी परतायचं ठरलं.

या क्षणी शास्त्रींच्या छातीत काय चाललं असेल, याचा फक्त तर्क करता येतो, आणि तो तर्कच आहे हे आधी सांगून ठेवतो. झटका येऊन गेलेल्या हृदयात मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण उरतो. व्रण आकुंचन पावत नाही. त्याचं काम शेजारच्या जिवंत स्नायूला करावं लागतं. वर्षानुवर्षं जादा काम करून हा स्नायू जाड होतो, मग ताणला जातो, हृदयाची पोकळी रुंदावते. माणसाला यातलं काही कळत नाही. जिना चढताना जरा दम लागतो. तो वयाच्या खात्यावर जमा होतो.

पण ताणलेला स्नायू गप्प बसत नाही, तो रक्तात निरोप सोडतो. हृदय हा पंप आहे तशीच ती एक ग्रंथीही आहे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणाच्या गावी नव्हतं. पन्नासच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या पेशींत बारीक दाणे दिसले होते, ग्रंथींच्या पेशींत असतात तसे. ते तिथे काय करताहेत, हे उलगडायला १९८१ साल उजाडलं. कॅनडात डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, आणि त्या उंदरांना भराभर लघवी होऊ लागली. अंगातलं जादा पाणी आणि मीठ बाहेर काढ, असा मूत्रपिंडाला हृदयाचाच हुकूम जात होता. १९८८मध्ये जपानी संशोधकांना याच कुळातलं आणखी एक संप्रेरक डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून त्याच्या नावात मेंदू आला: बीएनपी. प्रत्यक्षात ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येतं. भिंत जितकी ताणलेली तितकं ते जास्त. आजच्या रिपोर्टात दिसतो तो एनटी-प्रोबीएनपी हा त्याचाच जोडीदार तुकडा. रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून मोजायला सोयीचा.

एसजीओटी घडून गेल्यावर बोलतं. बीएनपी घडण्याआधी, काहीही दुखत नसताना, महिनोन्‌महिने बोलत असतं. ते ऐकण्याचं यंत्र त्या दुपारी जगात कुठेच नव्हतं.

साडेतीन तास आधी : रात्री दहाचा सुमार

सोविएत सरकारने दिलेल्या समारंभातून शास्त्री आपल्या बंगल्यावर परतले. जेवण आलं राजदूत टी. एन. कौल यांच्या स्वयंपाकघरातून, त्यांचा खानसामा जान महंमद याच्या हातचं: पालक, बटाटा, रस्सा. नोकर रामनाथने वाढलं. पुढे या जेवणावर हजारो पानं लिहिली गेली.

अडीच तास आधी : अकराचा सुमार

दिल्लीहून त्यांच्या कार्यालयातल्या माणसाचा फोन येऊन गेला होता, कराराची प्रतिक्रिया काय ते सांगायला. मग घरी फोन लावला. आधी जावयाशी बोलणं झालं, मग थोरल्या मुलीशी. पत्रकार कुलदीप नय्यर तेव्हा शास्त्रींबरोबर ताश्कंदला होते. त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवलाय. हाजी पीर परत दिल्याचं घरात कोणालाच रुचलं नव्हतं, आणि मुलीने ते लपवलं नाही. शास्त्रींनी पत्नी ललितादेवींना फोनवर बोलवायला सांगितलं. त्या आल्या नाहीत. सकाळची वर्तमानपत्रं काबूलला पाठवा, असं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागले.

हा फोन कथेकऱ्यांचा आवडता. ‘आप्तांच्या शब्दांनी हृदय विदीर्ण झालं’ वगैरे. मला हे पटत नाही. रागाच्या किंवा दुःखाच्या भरात अॅड्रिनलिन चढतं, नाडी वाढते, दुबळ्या हृदयाची लय बिघडू शकते, हे खरं. पण अप्रिय फोन कुणाला येत नाहीत? एका फोनने माणूस जातो तेव्हा त्याच्या जाण्याची तयारी कित्येक महिने आधीपासून झालेली असते. मुलीला किंवा पत्नीला त्याचं कारण ठरवणं हा सोपा आणि थोडा क्रूर हिशेब आहे.

दीड तास आधी : बाराला थोडं कमी

रामनाथने झोपण्याआधीचं दूध दिलं. ते घेऊन पुन्हा येरझाऱ्या. मग पाणी मागितलं, थर्मासमधून दिलं. सकाळी लवकर निघायचंय, तू जाऊन झोप, असं सांगून त्यांनी रामनाथला पाठवून दिलं.

खोलीत आता ते एकटे. त्यांचे डॉक्टर आर. एन. चुग त्याच बंगल्यात, पण दुसऱ्या खोलीत.

बारा मिनिटं आधी : एक वाजून वीस

स्वीय सहायक जगन्नाथ सहाय आणि इतर काही जण सामान बांधत होते. दारात शास्त्री उभे दिसले. कसाबसा आवाज काढून त्यांनी विचारलं, डॉक्टरसाहेब कुठे आहेत? खोकल्याची जोरदार उबळ आली. लोकांनी आधार देऊन त्यांना चालवत परत खोलीत नेलं आणि पलंगावर निजवलं. सहायनी पाणी पाजलं, धीर दिला. शास्त्रींनी छातीला हात लावला आणि त्यांची शुद्ध हरपली.

दोन गोष्टी इथे थांबून पाहण्यासारख्या आहेत. पहिली, चालणं. नय्यर यांनी लिहिलंय की त्या ऐसपैस खोलीत बोलावण्याची घंटा नव्हती आणि ड्रेसिंग टेबलावरचा थर्मास कलंडलेला होता; घंटेबद्दल पुढे वाद झाला. घंटा असो वा नसो, झटका येत असलेला माणूस स्वतःच्या पायांनी खोलीबाहेर आला आणि तितकाच परत चालला. एकेका पावलागणिक हृदयाची प्राणवायूची मागणी वाढत होती.

दुसरी, खोकला. रात्री, आडवं पडल्यावर, अचानक येणारा धाप आणणारा खोकला हा हृदयरोगतज्ज्ञाला ओळखीचा असतो. डावा खालचा कप्पा रक्त पुढे ढकलू शकला नाही की ते मागे फुफ्फुसांत तुंबतं, आणि फुफ्फुसांत पाणी झिरपू लागतं. शास्त्रींचं नेमकं तसंच झालं, असा दावा मी करत नाही. पण दोनदा जखमी झालेलं हृदय, मध्यरात्र आणि खोकला हे तिन्ही एका दिशेला बोट दाखवतात, आणि ती दिशा बीएनपीची आहे.

आता रक्ताच्या घड्याळाकडे या. समजा, त्या क्षणी पलंगाशेजारी आजची अद्ययावत प्रयोगशाळा उभी केली. अतिसंवेदनशील ट्रोपोनिनचं यंत्र, पट्टीचे तंत्रज्ञ, सगळं. एक वीसला रक्त घेतलं. काय दिसलं असतं? झटका त्याच क्षणी सुरू झाला असेल तर ट्रोपोनिनची वाढ जवळजवळ नाहीच. मरणाऱ्या पेशीची भिंत फुटायला, आतली प्रथिनं बाहेर यायला, रक्तात मिसळायला वेळ लागतो. म्हणून तर आज आपत्कालीन विभागात पहिला नमुना घेतल्यावर एक, दोन किंवा तीन तासांनी दुसरा घेतात आणि दोन आकड्यांतला फरक बघतात. जुन्या पद्धतीच्या ट्रोपोनिनला वाढायला तीन-चार तास लागायचे. इथे सगळी मिळून बारा मिनिटं होती.

मृत्यू बारा मिनिटांत येतो. रक्ताला तास लागतात. जे काही कळायचं ते या बारा मिनिटांच्या आधीच कळायला हवं होतं.

शून्य : एक वाजून बत्तीस

डॉ. चुग धावत आले. नाडी पाहिली, इंजेक्शन दिलं, जे जे शक्य ते केलं. आपल्याला वेळच मिळाला नाही, असं म्हणत ते रडत होते, ही आठवण तिथल्या माणसांनी सांगितली आहे. सोविएत डॉक्टरही आले. उपयोग झाला नाही.

डॉ. चुग यांच्यावर नंतर बरेच शिंतोडे उडाले. १९६६मध्ये बंगल्यात झोपलेल्या एकट्या डॉक्टरकडे काय असू शकत होतं, हे बघितलं तर ते अन्यायाचं वाटतं. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची पद्धत बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती १९६० साली. हृदयाला विजेचा धक्का देणारं यंत्र गाडीतून रुग्णापर्यंत नेण्याचा प्रयोग बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज त्याच सुमाराला करत होते.

नंतर : सहा तास, एक दिवस

कोसिगिन बंगल्यावर आले. दिल्लीत गुलझारीलाल नंदा काळजीवाहू पंतप्रधान झाले. ताश्कंदच्या विमानतळावर शवपेटीला खांदा दिला तो कोसिगिन आणि अयुब खान यांनी. चार महिन्यांपूर्वी शास्त्रींच्या सैन्याशी लढलेला माणूस त्यांना खांदा देत होता. १२ जानेवारीला यमुनाकाठी अंत्यसंस्कार झाले.

शवविच्छेदन झालं नाही. संशयाला कायमचं घर मिळालं ते तिथे. विषाचा पुरावा कधी पुढे आला नाही, आणि नाकारण्याजोगा पुरावाही त्या वेळी गोळा केला गेला नाही. कुटुंबीयांनी प्रश्न विचारले ते गैर नव्हते. पंतप्रधानासारखा माणूस परदेशात अचानक जातो आणि शवविच्छेदन होत नाही, हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनी पुढच्या पिढ्यांवर उपकार केले नाहीत. विषाची कुजबुज मात्र इतकी रंगली, की दोनदा दुखावलेल्या हृदयाचं पुढे काय होतं, हा साधा वैद्यकीय विषय कोणी चर्चेला घेतलाच नाही.

नंतर : वर्षं

१९६८ साली झाशीत महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज सुरू झालं, १९६९मध्ये वर्ध्याजवळ सेवाग्रामला सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. बुंदेलखंड आणि विदर्भ: मोठ्या शहरांच्या इस्पितळांपासून दूरची गावं, हाच दोन्हीकडचा रुग्ण. १९८४च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण दिल्लीत हृदयविकारानेच गेले; रक्तातला ट्रोपोनिन मोजण्याची पद्धत तेव्हाही आली नव्हती. ती आली १९८७ आणि १९८९मध्ये, बर्मिंगहॅम आणि हायडेलबर्गच्या संशोधकांकडून.

सुरुवातीला ट्रोपोनिनही पंचनाम्याच्याच कामाला लावला गेला. मग चाचण्या इतक्या बारीक झाल्या, की घरी बसलेल्या, दुखत नसलेल्या हृदयरोग्याच्या रक्तातही तो किंचित सापडू लागला. २००९ साली नॉर्वेचे टोरबियोर्न ओमलान आणि सहकाऱ्यांनी स्थिर हृदयविकाराच्या सुमारे ३,७०० रुग्णांचं रक्त तपासलं. ज्यांच्यात ट्रोपोनिन जास्त, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू आणि हृदय निकामी होणं जास्त. पण पुढच्या झटक्याशी त्याचं स्वतंत्र नातं दिसलं नाही! पहिल्यांदा वाचलं तर हे विचित्र वाटतं. विचार केला की पटतं. झटका येतो रक्तवाहिनीतलं किटण फुटल्याने. ट्रोपोनिन आणि बीएनपी बोलतात ते स्नायूबद्दल. ते सांगतात, झटका आला तर हे हृदय तो सोसेल का?

किटणाबद्दल बोलणारी रक्तातली साक्ष वेगळी: एलडीएल कोलेस्टेरॉल, अपोबी, लायपोप्रोटीन(ए), आणि दाह दाखवणारं सीआरपी. सीआरपी १९३०पासून माहीत होतं, न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलेलं. ते हृदयाचा धोकाही दाखवतं हे बोस्टनच्या पॉल रिडकर यांनी १९९७ साली मांडलं. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने दाखवलं, की दक्षिण आशियात पहिला झटका इतरांपेक्षा सहाएक वर्षं आधी येतो, आणि कारणं मात्र तीच, जगभरची.

२०१७ साली स्वीडनच्या संशोधकांनी या साक्षी एकत्र केल्या. हृदयविकार आधीच असलेल्या हजारो रुग्णांच्या नोंदींवरून त्यांनी हिशेब बसवला: वय, रक्तातल्या तीन गोष्टी (एनटी-प्रोबीएनपी, ट्रोपोनिन, एलडीएल), आणि धूम्रपान, मधुमेह, पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार. त्यावरून पुढच्या काही वर्षांत हृदयविकाराने मृत्यूची शक्यता किती, याचा अंदाज निघतो. हिशेबात सर्वांत वजनदार ठरली ती एनटी-प्रोबीएनपी. कोलेस्टेरॉलचा आकडा, ज्याची आपण घराघरात चर्चा करतो, तो तिच्यापुढे फिका पडला.

आज झाशीत किंवा वर्ध्यात, दोन झटके येऊन गेलेला, बरा दिसणारा ६१ वर्षांचा माणूस डॉक्टरांसमोर बसला तर या चाचण्या करता येतात. करून काय मिळतं, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण ‘हार्ट पॅकेज’च्या जाहिरातींत ते समजावत नाहीत. एनटी-प्रोबीएनपी वयाबरोबर आपोआप वाढतं, मूत्रपिंड कमजोर असेल तर फुगतं, आणि स्थूल माणसात खरं असतं त्याहून कमी दिसतं. सीआरपी साध्या सर्दी-तापानेही चढतं. आजारी असताना हृदयासाठी ते मोजणं म्हणजे पैसे वाया. लायपोप्रोटीन(ए) बहुतेकांना आयुष्यात एकदा मोजलं तरी पुरतं. ते जास्त निघालं तर त्याच्यावर नेमकं औषध रोजच्या वापरात अजून नाही, म्हणून बाकीच्या गोष्टी, म्हणजे एलडीएल, रक्तदाब, साखर, तंबाखू, अधिक कडकपणे आवळाव्या लागतात. आणि यातली कुठलीही चाचणी तारीख सांगत नाही. शंभर जणांतले कोण जास्त धोक्यात आहेत, ते ती सांगते. त्यातला कोण आज रात्री, ते नाही.

मग त्या आकड्याचं करायचं काय? एनटी-प्रोबीएनपी जास्त आलं तर पुढची पायरी इकोकार्डिओग्राम: हृदय दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं, ते मोजायचं. निरोगी हृदय निम्म्याहून जास्त फेकतं. आकडा खाली असेल तर आज चार प्रकारची औषधं आहेत, जी स्नायूवरचा ताण उतरवतात आणि आयुष्य वाढवतात. शास्त्रींच्या काळी त्यांतलं बीटा ब्लॉकर नुकतं जन्मलं होतं, आणि दुबळ्या हृदयाला ते द्यायचं नाही अशीच तेव्हाची शिकवण होती. औषधं घेऊनही आकडा ३५ टक्क्यांपर्यंत किंवा त्याखाली राहिला तर छातीच्या कातडीखाली एक छोटं यंत्र बसवतात. हृदयाची लय प्राणघातक बिघडली की ते स्वतःच, काही सेकंदांत, आतून विजेचा धक्का देतं. खोलीत घंटा असो नसो, डॉक्टर कुठल्याही खोलीत झोपलेला असो. असं पहिलं यंत्र माणसाच्या शरीरात बसवलं गेलं ते बाल्टिमोरमध्ये, फेब्रुवारी १९८०ला, मिशेल मिरोव्स्की यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीनंतर.